नापास व्हायची तयारी

इंग्लंडातल्या आमच्या बर्नलीत तेव्हा कायदा असा होता, की पाचवी इयत्ता पास झालेल्या पोराला शाळा सोडून कापडगिरणीत पूर्ण वेळ लागता येई. म्हणजे हुशार पोरं लवकर मागावर, आणि शेजारचा ईनॉक हार्टली, ज्याला स्वतःचं नाव लिहायला अख्खी सकाळ लागे, तो शाळेच्या शेगडीपाशी ऊब घेत बसे. कायदा करणारे शिकलेले होते, तेव्हा त्यात काहीतरी शहाणपण असणारच.

माझी भाची केझाया हुशार होती, आणि तिला शाळा सोडायची नव्हती. तिचा बाप एमस काही वाईट माणूस नव्हता; पण घरात खाणारी तोंडं भरपूर आणि त्याची छाती कापसाच्या धुळीनं भरलेली. पास झालीस की सोमवारपासून गिरणीत मावशीच्या, म्हणजे माझ्या, हाताखाली, असं त्यानं सांगून टाकलं होतं.

परीक्षेच्या आधी बटाटे सोलता सोलता ती मला म्हणाली, "मावशी, मी नापास होणारे."

"गणितात?"

"गणित मुद्दाम चुकवायला हात वळत नाही गं. वाचनात होते. एक विषय गेला तरी पुरे."

मी पुढचा बटाटा उचलला. सोलायला अजून बरेच बटाटे होते.

मग तिनं ईनॉकला गुरू केलं. तो कुठं अडतो, कुठं नाक पुसतो, एकच शब्द पुन्हा पुन्हा कसा चावतो, सगळं घोटून घेतलं. आपल्याकडून कुणी काही शिकतंय म्हणून ईनॉकची कॉलर ताठ.

पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलं. शाळेचं पुस्तक पोरांना पाठ असतं हे परीक्षा घ्यायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आपल्या पिशवीतलं पुस्तक पुढे केलं. डोंगरावर बर्फात वाट चुकलेल्या गाढवाची गोष्ट होती. केझाया दोन ओळी झकास अडखळली. नाकही पुसलं. तेवढ्यात गाढव कड्याच्या टोकाशी आलं, आणि ती अडखळायचं विसरली. पान संपलं तसं तिनं आपणच उलटलं.

साहेबांनी पुस्तकावर हात ठेवला. "शाबास. आता तुला शाळेत यायचं कारण नाही."

"पण गाढवाचं काय झालं?"

साहेबांना अजून बरीच पोरं तपासायची होती. त्यांनी पुस्तक मिटलं. वर्गाला शिकवणाऱ्या थ्रेलफॉलबाईंचा पगार पोरांच्या निकालावर ठरायचा, तेव्हा त्यांनी खूश व्हायला हवं होतं; ईनॉक म्हणतो, त्या कोरा फळा पुसत राहिल्या.

संध्याकाळी एमसनं कौतुकानं तिला आपल्या उकडलेल्या अंड्याची वरची कापलेली टोपी दिली. आमच्याकडे बाप याहून जास्त कौतुक करत नाहीत. तिनं ती खाल्ली.

मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नाही. आम्ही बायका नुसते ओठ हलवून बोलतो. नव्या पोरीला ते कळायला महिने लागतात. केझायाला आठवडाभरात आलं. मागापलीकडून तिनं मला पहिली गोष्ट विचारली, ती अशी:

"गाढव घरी पोचलं असेल का गं?"

मला फार वाईट वाटलं. मी ओठांनी सांगितलं, पोचलं. तिनं माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं, आणि तुटलेला धागा जोडायला वळली.