सात ते बारा खाली

"भांडं खाली नसतं, कस्तुरे, रिकामं असतं. खाली जमीन असते."

हे वाक्य मनोहररावांनी लेकीला चौथ्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते सुरू झालं की तिचे कान आपोआप मिटायचे. बँकेच्या बदलीने साताऱ्याहून जयपूरला आलेला हा माणूस निवृत्त होऊन तिथल्याच खातीपुऱ्यात घर घेऊन राहिला, पण मराठीच्या बाबतीत तसूभरही मागे हटला नाही. कस्तुरी मात्र इथेच वाढलेली. तिच्या मराठीत हिंदी कधी शिरायची ते तिचं तिलाही कळत नसे.

तसंही तिला दुसऱ्यालाच गप्प बसवायचं होतं. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका संशोधन संस्थेत ती कर्करोगाच्या पेशींमधल्या एका जनुकाच्या मागे हात धुऊन लागली होती. त्याचं खरं नाव चार अक्षरं आणि दोन आकडे असं रुक्ष होतं, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं बातूनी, म्हणजे बडबडं. बातूनी बडबडत राहिलं की पेशी आपली जागा सोडून भटकायला लागतात, असा तिचा कयास होता. त्याचं तोंड बंद करायला विषाणू वापरायचा. घाबरायचं कारण नाही, नांगी मोडलेला विषाणू. रोग त्याच्याने होत नाही, पण पेशीत शिरायची त्याची जुनी खोड कायम असते. तो आत शिरतो आणि "गप्प बस" अशी चिठ्ठी ठेवून येतो. तुलनेसाठी दुसऱ्या पेशींत चिठ्ठी नसलेला, रिकामा विषाणू सोडायचा.

तीन वेळा बातूनीने काही ऐकलं नव्हतं. सोमवारी तिच्या पीएच.डी.ची समिती बसायची होती, आणि तिच्या मार्गदर्शक शालिनी मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की या चौथ्या खेपेलाही जमलं नाही तर विषय बदलायचा. म्हणजे अडीच वर्षं पाण्यात. जमलं तर अख्ख्या प्रयोगशाळेला जयपूरजवळच्या कानोत्याला दाल-बाटीची सहल, हेही त्यांनीच कबूल केलं होतं.

या वेळचे विषाणू निहारने बनवून दिले होते. निहार साताऱ्याचा, प्रयोगशाळेत नवा. सातारा म्हटल्याबरोबर कस्तुरीच्या आईने, साधनाताईंनी, फर्मान काढलं, "घरचा मुलगा आहे, त्याच्याशी मराठीतच बोलायचं." कस्तुरी इमानेइतबारे बोलू लागली. मग बहिणीच्या लग्नासाठी निहार दहा दिवस गावी गेला, आणि दुसऱ्याच दिवशी विषाणू वापरायची वेळ आली. फ्रीजरमधल्या बारा नळ्यांवर नुसते आकडे. कोणत्या नळीत काय, ते निहारच्या वहीत. वही कपाटात आणि कपाटाची किल्ली साताऱ्यात, त्याच्या खिशात.

कस्तुरीने निरोप धाडला, "निहार, खाली कोणत्या नळ्या आहेत?"

मांडवातून तत्काळ उत्तर आलं, "७ ते १२ खाली."

झालं. सात ते बारा रिकाम्या, असं वहीत लिहून ती कामाला लागली.

शनिवारी निकाल आला. बातूनी बोलत असलं की पडद्यावर काळी पट्टी उमटते, गप्प बसलं की नाहीशी होते. कस्तुरीच्या सगळ्या चिठ्ठीवाल्या पेशींत पट्टी ठसठशीत होती, आणि रिकाम्या विषाणूच्या पेशींत तिचा मागमूस नव्हता. सगळंच उरफाटं!

"अदला-बदली तो नहीं हुई?" शालिनी मॅडमनी विचारलं.

कस्तुरीने मोबाइल पुढे केला. मॅडमनी चष्मा लावून वाचलं. "सात से बारह खाली. साफ़ तो लिखा है." त्या उसासा टाकून म्हणाल्या, "कोई बात नहीं बेटा, सोमवार को देखते हैं."

त्या "कोई बात नहीं"ने कस्तुरीला रडूच कोसळलं. स्कूटरवरून घरी येताना हेल्मेटच्या आत ती मनसोक्त रडली.

रविवारी निहार कंदी पेढे घेऊन जेवायलाच आला. कस्तुरीचं तोंड एवढंसं झालेलं पाहून त्याने काही विचारलं नाही. साधनाताई म्हणाल्या, "अगं, त्याला कढी वाढ ना."

कस्तुरीने झाकण उचललं. "आई, पातेलं तर खाली आहे."

निहारने मान वाकवली आणि टेबलाखाली डोकावून पाहिलं. "कुठंय?"

"पातेलं खाली नसतं, कस्तुरे, रिकामं..." मनोहररावांनी सवयीने सुरुवात केली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच कस्तुरीचे कान मिटले नाहीत.

डाव तिच्या हातातच राहिला. "निहार, सात ते बारा कुठे होत्या?"

"खाली. म्हणजे फ्रीजरच्या खालच्या खणात. तूच विचारलंस ना?"

"आणि रिकाम्या?"

"रिकाम्या वरच्या खणात. एक ते सहा. का गं?"

कस्तुरीने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या शेखावतजींनी भिंतीवरून "सब ठीक?" म्हणून विचारलं. सब ठीकच होतं! बातूनी गप्प बसलं होतं, अगदी चिडीचूप. ती फक्त भलत्याच पेशींवर डोळे लावून बसली होती. ताट तसंच टाकून दोघं स्कूटरवर बसली. निहारच्या वहीत तेच लिहिलेलं निघालं. मॅडमनी वहीवरही विश्वास ठेवला नाही, उरलेल्या पेशींमधला डीएनए तपासायला लावला. संध्याकाळी तोही हेच बोलला.

सोमवारी कस्तुरीने समितीपुढे काही लपवलं नाही. सगळी हकीकत, निरोपासकट, सांगून टाकली. समितीतले पांढऱ्या मिशीचे गुरुजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की कोणत्या नळीत काय तेच उलटं ठाऊक असताना हा निकाल आलाय, त्यामुळे तो मनाला हवा तसा पाहिलाय असं तरी कुणी म्हणणार नाही. पण तरी एकदा पुन्हा करा, आणि या वेळी नळ्यांवर नावं लिहा. विषय कायम राहिला. कानोत्याची तारीख मॅडमनी तिथेच ठरवली.

कस्तुरीने बाहेर येऊन घरी फोन लावला. "बाबा, झालं! माझाच विषय!"

पलीकडून मनोहरराव म्हणाले, "छान झालं हो. सकाळपासून काही खाल्लंस का?"

"नाही बाबा, पोट अगदी खा..." ती अडखळली, आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रिकामं! पोट रिकामं आहे, बाबा!"

"असू दे गं," बाबांचा आवाज ओला झाला होता. "आज खाली म्हणालीस तरी चाललं असतं."