चाकाला हळदकुंकू

"हात लावून पाह्य ना वो एकदा. आरसा झाला आरसा!" असं म्हणून चैतरामने चिंचेच्या कोळात बुडवलेलं फडकं इंजिनाच्या पितळी टोपणावरून पुन्हा एकदा फिरवलं.

रुख्माने हात लावला नाही. भाकरीचं गाठोडं तिने ओट्याच्या कडेला ठेवलं आणि पदर नाकाशी धरला. हौदात भिजणाऱ्या धानाची आंबूस घाण मिलभर पसरलेली होती, पण ती तिच्या सवयीची होती. उकड्या तांदळासाठी वाफवलेलं धान अंगणात पायाने पसरण्याचं काम ती लग्नापासून करत होती. तिला सोसत नव्हता तो या इंजिनाच्या तेलाचा वास. नवऱ्याच्या कपड्यांना, अंथरुणाला, अंगाला तो चिकटून घरी यायचा. सोड्याने धुऊनही जात नव्हता.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "मले धान फिरवाले जायचं हाय."

"थांब. एक सांगाचं होतं." चैतराम फडकं पिळत राहिला. "दसऱ्याले मालक इंजनची मोठी पूजा करून राहिले. नागपूरचे पाहुणे येनार हायेत. मालक म्हनाले, मिस्त्रीच्या घरवालीनं इंजनाले ओवारावं. मी हो म्हनून आलो."

रुख्मा त्याच्याकडे बघतच राहिली.

"मले न विचारता?"

"त्यात कायले विचाराचं?"

अंगणात जाऊन तिने धानात पाय घातले. धान नुकतंच पसरलेलं होतं, चटका बसत होता. तरी ती सावलीत थांबली नाही.

गोंदियाच्या वेशीबाहेरची ही तांदळाची मिल जीवनलाल मालकाच्या वडिलांनी उभी केली होती. इंजिन कलकत्त्याहून आगगाडीने आलं, आणि स्टेशनापासून मिलपर्यंत ते बैल जुंपून ओढून आणलं, असं जुनी माणसं सांगत. पोरवयातच चैतराम त्याच्यावर कामाला लागला आणि पुढे त्याचा मिस्त्री झाला. आवाजावरून त्याला इंजिनाचं दुखणं कळायचं. रुख्मा नवी नवरी होऊन आली तेव्हा तिलाही इंजिनाची शिटी आवडायची. शिटी झाली की चूल पेटवायची, दुसरी झाली की भाकरी टाकायची. आपल्या नवऱ्याच्या हातात एवढं धूड चालतं याचा तिला अभिमान होता.

मग वीज आली. लहानशी मोटर इंजिनाचं सगळं काम करू लागली. भट्टीवरची, पट्ट्यावरची माणसं मालकाने घरी पाठवली. बायलर मात्र ठेवला, कारण धान उकडायला वाफ लागत होती. आणि इंजिन ठेवलं, ते बापाची आठवण म्हणून. रस्त्याकडची भिंत पाडून तिथे कठडा बांधला. इंजिनाखालच्या ओट्याला चुना दिला, त्यावर बापाच्या नावाचा संगमरवरी दगड बसवला. इंजिनाला हिरवा रंग दिला, मोठ्या चाकाला लाल. चैतराम राहिला तो फक्त ते पुसायला.

लोक बघायला येऊ लागले. बाजाराला आलेली खेड्यातली माणसं कठड्याशी उभी राहून हात जोडत. बाया चाकाला हळदकुंकू वाहत, कुणी नारळ फोडत. चाकाच्या आऱ्यांत कुजलेल्या झेंडूच्या माळा लोंबत, खोबऱ्याला मुंग्या लागत, कुंकवाचे ओघळ तेलात मिसळून काळे पडत. रुख्मा त्या बाजूने जाताना तोंड फिरवून जायची.

तिचा धाकटा भाऊ खुशाल त्याच चाकात गेला होता.

सडक अर्जुनीकडच्या गावाहून तिनेच त्याला आणला होता आणि चैतरामला सांगून इंजिनाला तेल घालायच्या कामावर लावला होता. हंगामात मालक इंजिन थांबवू देत नसे. तेल चालत्या चाकालाच घालावं लागे. एका सकाळी खुशालचं धोतर पट्ट्यात अडकलं. आरडाओरडा ऐकून रुख्मा अंगणातून धावत आली, तेव्हा चैतरामने वाफ बंद केली होती, पण चाक अजून फिरत होतं.

पांगोली नदीच्या घाटावर त्याला नेलं. चैतराम घाटावर आला नाही. हौदातलं धान सडेल म्हणून मालकाने त्याला थांबवून घेतलं होतं. घाटावरून परतताना रुख्माला दुरूनच इंजिनाचा आवाज ऐकू आला. चाक धुऊन, पट्टा चढवून मिल चालू झाली होती. "पोराचं ध्यान नव्हतं," असं मालकाने सगळ्यांना सांगितलं. पुढे मिलमध्ये खुशालचं नाव कुणी काढलं नाही. घरातही नाही. रुख्माने त्या दिवसापासून मिलचा तांदूळ तोंडात घातला नाही. शेतकऱ्यांकडून धान आणून ती घरीच उखळात कांडायची.

दसऱ्याच्या दिवशी ती मिलवर गेली. जायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण चैतराम सकाळी म्हणाला, "तू नाही आलीस त मालक मलेबी घरी बसवल. मंग खाचं काय?" ती मुकाट्याने लुगडं बदलून निघाली.

कठड्यापाशी गर्दी होती. मालकाने इंजिनाला बायलरची वाफ जोडायला सांगितली होती. चैतरामने नवा सदरा घातला होता. त्याने झडप हळूच फिरवली. इंजिनाने एक लांब सुस्कारा टाकला, दांडा पुढे सरकला आणि ते लाल चाक वळलं. लोकांच्या तोंडून एकदम "आहा" निघालं. शिटी वाजली तेव्हा म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. रुख्माच्या पायांखालची जमीन ओळखीची थरथरली. क्षणभर तिलाही बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला किळस आली.

"हाऊ स्वीट!" नागपूरची एक पाहुणी म्हणाली. "जिवंतच वाटतं नाही?"

"हमारे बापजी की निशानी आहे," मालक हसत म्हणाला. "बच्चे जैसा संभाला है. चल बाई, ओवाळ."

मालकाची बायको दुलारीबाई हिने रुख्माच्या हातात ताट दिलं. ताटात दिवा, सुपारी, अक्षता होत्या. रुख्मा ओट्यापर्यंत गेली. चाक तिच्या तोंडासमोर सावकाश फिरत होतं. आरे वर येत होते, खाली जात होते. प्रत्येक आऱ्यावर हळदकुंकवाची बोटं होती.

तिने ताट खाली ठेवलं.

"मी याले ओवारत नाही," ती म्हणाली. "माह्या भाऊ याच्यात गेला."

आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या लोकांनी ऐकला. पाहुणीने चाकाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. दुलारीबाईने हळूच विचारलं, "कौन भाई? कब?" तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

"पुरानी बात आहे," मालक घाईघाईने म्हणाला. "घबरा गई बेचारी. चैतराम, ताट उचल. तूच कर."

रुख्माने नवऱ्याकडे पाहिलं. चैतरामने मान खाली घातली, झडपेवरचा हात काढला, सदऱ्याला पुसला आणि ताट उचललं. इंजिनापुढे उभं राहून तो ओवाळू लागला. चाकाकडे बघताना त्याच्या तोंडावर जी माया होती, ती तिला दिसली. ते बघणं तिला असह्य झालं. गर्दीतून वाट काढत ती बाहेर पडली आणि नाल्याच्या कडेला बसून ओकली.

संध्याकाळी चैतराम आपट्याची पानं घेऊन घरी आला. पानं तिच्यापुढे धरून उभा राहिला. तिने ती घेतली नाही.

"मी नाही केलं असतं त दुसऱ्यानं केलं असतं," तो म्हणाला.

"त करू द्याचं होतं दुसऱ्याले."

"मी काय करू वो? उभा जनम गेला त्याच्यासंग. मले नाही राग येत त्याचा. लोखंड होय ते."

"लोखंडाचा राग मलेबी नाही," रुख्मा म्हणाली. "घाटावर तुमी नवते. आन आज ओवाराले उभे राहिले."

त्यानंतर ती मिलवर गेली नाही. लाखेच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. घरात दोघं आपापलं जेवत, आपापलं झोपत.

दिवाळी आली. भाऊबीजेला दिवस मावळताना रुख्माने अंगण सारवलं, पाट मांडला, त्यावर कुणी बसणार नव्हतं तरी भोवती रांगोळी घातली. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, तशी बारीक कोरीकडे बघत तिने दिवा फिरवला. दरवर्षी चैतराम या वेळी मिलवर असायचा. यंदा सुट्टीमुळे तो दारात बसलेला होता. ताट खाली ठेवून ती पाटाला वाकून नमस्कार करत असताना त्याच्या तोंडून हुंदका निघाला. तिने वळून पाहिलं नाही. दिवा घेऊन ती घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिलवर गेला. पोत्यांवर मार्का मारता मारता त्याला थोडी अक्षरं यायला लागली होती. चाकाचा उरलेला लाल रंग त्याने काढला, आणि मालकाच्या बापाच्या दगडाशेजारी, पांढऱ्या ओट्यावर, जाड कुंचल्याने लिहिलं : खुशाल.

मालक आला, त्याने पाहिलं.

"ये क्या है? पोंछ दे."

"मी नाही पुसत," चैतराम म्हणाला.

"नोकरी जाएगी."

"जाऊ द्या."

त्याने तेलाची बुधली जागेवर ठेवली, फडक्यांची घडी केली. निघताना सवयीने त्याचा हात चाकाकडे गेला, पण त्याने तो मागे घेतला. घरी येऊन त्याने रुख्माला एवढंच सांगितलं, "मालकानं काढून टाकलं." का, ते नाही सांगितलं. तिला ते संध्याकाळी मिलमध्ये मजुरी करणाऱ्या गोमती नावाच्या रेजाकडून कळलं. ती तशीच उठून चैतराम बसला होता तिथे आली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"'शा' बराबर आला नाही," तो म्हणाला. "कुंचला जाड होता."

तो मालधक्क्यावर हमालीला जाऊ लागला. त्या वयात पोत्यांनी त्याची पाठ मोडली. पुढच्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला लागला आणि दोन सालांत गेला. त्या अक्षरांवर मालकाने चुना मारून घेतला होता, पण दर पावसाळ्यात चुना धुपून जायचा आणि लाल अक्षरं पुन्हा दिसायची.

एका श्रावणात रुख्मा डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन मिलवरून चालली होती. कठड्याशी छत्री घेतलेलं एक जोडपं इंजिन बघत उभं होतं. बाईने वाकून ओट्यावरची अक्षरं जुळवली आणि मोठ्याने वाचलं, "खुशाल." मग पहारेकऱ्याला विचारलं, "हे कोण हो?"

"कोन नाही बाई," पहारेकरी म्हणाला. "रंगाऱ्याचं नाव असंल."

रुख्मा थांबली. तिने भारा एका हाताने सावरला.

"माह्या भाऊ होय तो," ती म्हणाली. "इथंच कामाले होता."

बाईला पुढे काही विचारायचं होतं. पण पाऊस वाढला होता, भारा भिजून जड व्हायला लागला होता. रुख्मा कडेचा चिखल चुकवत पुढे निघाली.