फेब्रुवारीचं पान

आइलीनं दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या दुमडलेल्या कडा तळहातानं सपाट केल्या. चर्चच्या तळघरात उपासकाळातल्या बुधवारचं वाटाण्याचं सूप रटरटत होतं.

"पुरावा मागितलाय ना? हा घ्या. रोजचं लिहिते मी, लेम्पीकाकू. हवा, पाहुणे, सगळं."

ऐंशीच्या घरातली लेम्पी चर्चमधल्या लोकांचे कराचे कागद फुकट भरून द्यायची. तिनं कर खात्याचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. आइलीनं निवृत्तीचं जुनं खातं रॉथ खात्यात बदललं होतं. कर आत्ता एकदाच, म्हातारपणी काही नाही. मिळकत लाख डॉलरच्या आत हवी, ही अट शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला सहज बसत होती. पण घटस्फोट न घेता नवऱ्यापासून वेगळा कराचा अर्ज भरणारीला आणखी एक अट होती: त्या वर्षात दोघं एकही दिवस एका घरात राहिलेले नकोत.

"आणि राहिलो असू तर?"

"तर बदल बाद. उलटवायची मुदत गेल्या ऑक्टोबरात संपली. सगळे पैसे काढल्यासारखे धरतील, वर दंड."

"घर विकावं लागेल मला."

लेम्पीनं चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिली.

"तुझा नवरा घर सोडून गेला, रेनो, तो त्याच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात ना?"

"हो. तळ्याकाठच्या त्या पत्र्याच्या खोलीत. रेडिओ आणि गळ घेऊन."

"गळ आधी उचलला असेल."

आइलीला हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं.

जानेवारीत तिचं बारीक, सरळ अक्षर होतं. लेम्पीनं पान उलटलं आणि बोट थांबलं. तिथे मोठं, तिरकं अक्षर होतं, सुताराच्या जाड पेन्सिलीतलं.

*उणे एकतीस. तीन चमचे सूप.*

*उणे अठ्ठावीस. रात्रभर खोकला. डॉक्टर म्हणतात, न्युमोनिया.*

*अर्धी वाटी लापशी. स्वतःच्या हातानं.*

"मला वाटलं होतं, माझ्या आजारपणात रेनो दोनेक रात्री आला असेल," आइली म्हणाली. "त्यानं लिहिलेलं मी कधी नीट वाचलंच नाही."

"तापात कोण मोजतं?" लेम्पीनं स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला. "कॅलेंडरची तार जुनी आहे गं. एखादं पान गळून पडतं."

"देवाच्या घरात बसलोय, काकू."

"देव वरच्या मजल्यावर. इथे नुसतं सूप."

आइलीचं बोट चौकोनांवरून हळूहळू सरकत राहिलं, ओठ मोजत राहिले. मग तिनं उत्तराचा कागद पुढे ओढला. 'एकत्र राहिलेले दिवस' यापुढच्या रेघेवर पेन टेकवलं. तिनं अकरा लिहिलं.

"झालं?" लेम्पीनं विचारलं.

आइलीनं मान डोलावली, पण कॅलेंडर मिटलं नाही. बाराव्या चौकोनात अक्षर पुन्हा तिचं होतं, बारीक आणि सरळ.

*बरं वाटतंय. त्याला जा म्हटलं.*