अहवालाच्या शेवटच्या पानावरची मालन

ठाकुर्लीच्या गुणाजी परबांकडे नोटीस येऊन थडकली, तेव्हा ओटीवर ताजा कांडलेला मसाला तयार होता. परंतु पाकिटे भरण्यास कोणाचाही हात उचलेना.

‘मालन मसाले हे नाव आपण यापुढे वापरू नये,’ असे त्या कागदात लिहिले होते. नोटीस कल्याणच्या राकेशची होती. हा राकेश म्हणजे पाच वर्षे गुणाजींचाच मसाला कल्याणच्या दुकानांत पोचवणारा मनुष्य. आता त्याने स्वतःचा मसाला काढला होता आणि तेच नाव आपल्या नावे नोंदवण्यासाठी अर्जही केला होता. मालन ही गुणाजींची दिवंगत आई. मसाल्याचे प्रमाण तिचे, नाव तिचे, आणि पाकिटावर उखळापाशी बसलेली आकृतीही तिचीच.

“अहो, पण गुमास्त्यावर आपलंच नाव आहे ना?” त्यांची पत्नी गंगुबाई म्हणाली.

गुणाजींचीही तीच समजूत होती. गुमास्ता परवाना चौकटीत बसवून भिंतीवर लावलेला. तेव्हा नाव आपलेच, या विश्वासावर ते इतकी वर्षे निर्धास्त राहिले होते.

ठाण्यातील वर्तकनगरच्या वकील उत्तराबाईंनी ती समजूत क्षणात दूर केली.

“गुणाजीराव, गुमास्ता दुकान चालवायला देतात. त्यानं नावाची मालकी मिळत नाही.” मग त्यांचा उतरलेला चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “घाबरू नका. त्याचा अर्ज नुकताच ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये आलाय. चार महिन्यांत हरकत घेता येते. तो म्हणतो, दोन हजार एकोणीसपासून हे नाव वापरतोय. तुम्ही त्याच्या आधीपासून वापरताय, हे दाखवा. नाव आणि साल दोन्ही असलेलं काहीही आणा.”

घरातली सारी बिले धुंडाळली. प्रत्येकावर नुसते ‘मसाला, अर्धा किलो’. आईचे नाव एकावरही नाही! गुणाजींनी कपाळाला हात लावला.

“अण्णांकडे अहवाल असतील,” गंगुबाई हळूच म्हणाली.

अण्णा म्हणजे गणेशोत्सव मंडळाचे वृद्ध चिटणीस. दोन हजार अकरा साली मंडळाच्या अहवालात गुणाजींनी शुभेच्छुक म्हणून हात जोडलेला आपला फोटो दिला होता. अण्णांनी तो काढून तेथे मसाल्याचे पाकीट छापले. “लोकांना मसाला हवाय, तुझं तोंड नको,” असे चारचौघांत वर सुनावलेही. तेव्हापासून गुणाजी त्यांच्या दाराची पायरी चढले नव्हते. जाहिरात मात्र गंगुबाई दरवर्षी परस्पर देत असे, हे त्यांना आता समजले.

मोठ्या संकोचाने गुणाजींनी अण्णांची कडी वाजवली.

“कोण? गुणाजी? वाट चुकलास काय रे?”

“अण्णा, जुने अहवाल हवे होते.”

“का, तुझा फोटो शोधतोयस?” म्हणत अण्णांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. एकही साल गहाळ नव्हते. शेवटच्या पानावर दरवर्षी तीच मालन, तेच उखळ, तेच नाव. आणि मुखपृष्ठावर ठळक साल. त्या पानांवरून बोट फिरवता फिरवता गुणाजींनी डोळे पुसले.

“अण्णा, तेव्हा तुम्ही माझं ऐकलं असतंत, तर आज आई गेली असती हातची.”

“रड नंतर. शपथपत्र लागेल ना? मी येतो ठाण्याला.”

गुडघे धरून अण्णा उत्तराबाईंचे दोन जिने चढले आणि त्यांनी स्वच्छ अक्षरांत सही केली. हरकतीसोबत ते अहवाल दाखल झाले. पुढे राकेशने निमूटपणे आपला अर्ज मागे घेतला. गुणाजींनी केलेल्या अर्जावर, दीड वर्षाने का होईना, नोंदणीचे प्रमाणपत्र आले.

नव्या छपाईचे पहिले पाकीट गुणाजींनी देवापुढे ठेवले आणि नंतर ते अण्णांच्या हाती दिले.

अण्णांनी भिंग लावून पाहिले. “नावाच्या डोक्यावर हा गोल कसला?”

“नोंदणी झाल्याची खूण, अण्णा. आता आईला कोणी हलवू शकत नाही.” गुणाजींनी वाकून नमस्कार केला. “यंदा शेवटच्या पानावर तुमचा फोटो छापू. आभार म्हणून.”

“खुळा आहेस काय?” अण्णांनी पाकीट छातीशी धरले. “पाकीटच छाप. आणि तो गोल नीट दिसू दे.”