आधाराचा दांडा

मुलांनी कोणता विषय घ्यायचा, हे मुलं सोडून सगळं घर ठरवतं. या घरात तो मान बाबांचा होता.

"टेक्निकल ड्रॉइंग? शाळेच्या शेवटच्या वर्षी?" ते लेकीवर उखडले. "ज्यांना गणित झेपत नाही, त्यांचा विषय तो! रेघोट्या ओढून कुणाचं भलं झालंय? उद्याच्या उद्या बदल."

ठमी मान खाली घालून टेबलावरचा कागद गुंडाळू लागली. त्यावर घरातलं बाथरूम होतं, समोरून, बाजूने आणि वरून काढलेलं. कमोडशेजारच्या भिंतीला तिने एक आधाराचा दांडा दाखवला होता. आजोबांचा हात उठताना नेमका कुठे जातो, हे बघायला तिने त्यांना पुन्हा पुन्हा उठबस करायला लावली होती. "पोरीने माझी कवायतच घेतली," म्हणत म्हातारा खूश झाला होता.

"दादा, निदान तो दांडा तरी बसवून घे," बाबांची धाकटी बहीण म्हणाली. "आपल्या वडिलांना उठताना त्रास होतो, हे आपल्या दोघांना दिसलं का कधी? पोरीला दिसलं, तिने त्यावर उपाय काढला. याला अभ्यास नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?"

"परीक्षा होऊ दे, मग बघू," बाबांनी विषय मिटवला.

ठमीने ड्रॉइंग सोडलं. आणि परीक्षा यायच्या आतच एका सकाळी आजोबा कमोडवरून उठताना पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी अंथरूण धरलं, ते पुन्हा उठलेच नाहीत.

बाबांना घर खायला उठलं. एका रविवारी ते दांडा विकत घेऊन आले.

"ठमे, तुझा तो कागद आण गं. तुझ्या मापाने बसवू."

"त्या मापाने नको, बाबा." ठमी म्हणाली. "ते आजोबांच्या हाताचं माप आहे. दुसऱ्या कुणाला नाही यायचं ते."

बाबा मटकन खाली बसले. अरेरे! ज्याला आपण रेघोट्या म्हणालो, तो आपल्याच बापाला द्यायचा आधार होता! ते ढसाढसा रडले. ठमी त्यांच्याजवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी शाळेत जाऊन ड्रॉइंगच्या सरांपुढे हात जोडले. ठमीला तिचा विषय परत मिळाला. आजोबा मात्र कुणाच्या हातापाया पडून परत येणार नव्हते.

मंडळी, पोरांच्या आवडीच्या विषयाला नाक मुरडण्याआधी त्यांनी काय काढलंय ते एकदा नीट बघा. आणि कृपा करून वेळेवर बघा.