पणजोबांचा दगड

गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. भूमीबाबा तांब्याच्या दोन सळ्या मुठींत धरून, डोळे अर्धवट मिटून मास्तरीणबाईंच्या परसात हद्द शोधत फिरत होता. बाईंची मागची खोली ओलांडून तो पुढे गेला आणि सळ्या गर्रकन एकमेकींवर आडव्या झाल्या.

“भूमाता बोलली,” बाबा म्हणाला. “इथे खणा.”

दोन फावडी मारली तोच दगड लागला. वर फुलीची खूण. झालं! लोकांनी हात जोडले. शेजारचा ठेकेदार तर डोळे पुसायला लागला, मेला. हा आपल्या पणजोबांनी पुरलेला हद्दीचा दगड, म्हणजे आपल्या घरापासून या दगडापर्यंतचं सगळं आपलं, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. त्या सगळ्यात बाईंची मागची खोलीही आली. बाईंची सासू दोन वर्षं त्याच खोलीत अंथरुणाला खिळून होती. ठेकेदाराला ती पाडून तिथे गाडी लावायची होती.

सरकारी मोजणी करून घेऊ, असं बाई वर्षभर कंठशोष करून सांगत होत्या. पण मोजणीदाराची टेप चुकेल, बाबा चुकणार नाही, असं गल्लीचं ठाम मत. शिकलीसवरली माणसं ही! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात खिडकीतून सासूने विचारलं, “सूनबाई, मला कुठे नेणार गं आता?”

“कुठेही नाही, आई,” म्हणत बाईंनी फावडं हिसकावलं आणि दगड बाजूला ढकलून त्या आणखी खाली खणायला लागल्या. भूमाता कोपेल, हात झडतील, असं बाबा बरळत राहिला. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. वीतभर खाली निळा प्लास्टिकचा पाइप लागला.

“हा पाण्याचा पाइप मी गेल्या उन्हाळ्यात टाकला,” बाई ठेकेदाराला म्हणाल्या. “तेव्हा इथे गुडघाभर चर खणला होता. दगड नव्हता. तुमचे पणजोबा गेल्या उन्हाळ्यानंतर येऊन गेले का?”

ठेकेदार बाबाकडे बघायला लागला. बाबा मात्र पोपटासारखा बोलायला लागला, सगळं यांनीच करायला लावलं म्हणून. बाई सासूला घेऊन दवाखान्यात राहिल्या होत्या, तेव्हा दोघांनी मिळून दगड पुरला होता. बाकीची जमीन कडक, इथेच माती भुसभुशीत लागली. ती भुसभुशीत का, एवढा विचार करायचाही या दिवट्यांना कंटाळा.

मग बाईंनी सळ्या उचलल्या आणि मुठी जराशा आत कलवल्या. सळ्या आडव्या झाल्या. पुढे सरकून पुन्हा कलवल्या, पुन्हा आडव्या. जमिनीचा काही संबंधच नव्हता, सगळा मनगटाचा खेळ. गल्ली खाली मान घालून बघत होती. बाईंना मात्र कुणाची दया आली नाही.

“एका आजारी म्हातारीची खाट रस्त्यावर काढायला निघाला होतात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आणि एवढ्या जणांतल्या एकालाही दगडाखाली बघावंसं वाटलं नाही. यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी त्याच हातांनी थोडं खणून बघा.”