जस्ताची चिंधी

"शहरात यंत्रानं तासाभरात घासून देतात, म्हातारबा. जुनी ओळख म्हणून ही खेप तुम्हाला दिली. काम चुकलं, तर पुढं नाही."

होडीवाला एवढं ऐकवून जेवायला गेला आणि म्हातारबा पटाशी घेऊन ओहोटीच्या चिखलात कललेल्या होडीखाली शिरला. मी शेजारीच फाटकं जाळं सांधत बसलो होतो.

होडीला ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यावर नि सुकाणूवर बारक्या शिंपल्यांचा थर धरला, की होडी पाणी कापत नाही, नुसती रेटत राहते. निम्मं डिझेल फुकट जातं. तो थर खरवडायचा, रंग द्यायचा आणि भरतीच्या आत बाहेर पडायचं. बायको होती तोवर म्हातारबा खरवडायचा, ती रंगवायची आणि दोघांची तोंडं दिवसभर चालायची. चार महिन्यांपूर्वी ती गेली. मूलबाळ नाही. आता तो होडीशीच बोलतो, आणि आम्ही ऐकू न आल्यासारखं करतो. या होड्याही गेल्या, तर त्यानं बोलायचं तरी कुणाशी?

रंगवून झाल्यावर त्यानं हात पुसायला पिशवीत फडकं चाचपलं. निघाली एक घडी घातलेली चिंधी, दोऱ्यासकट. ती हातात धरून तो सुकाणूकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"जस्त रंगवलं रे मी."

सुकाणूला जस्ताचा एक गोळा ठोकलेला असतो. खारं पाणी त्याला खात बसतं, म्हणून पंखा वाचतो. त्यावर रंग चढला की सगळं मुसळ केरात. रंगाआधी त्याला चिंधी बांधायचं काम तिचं. चाळीस वर्षं तिनं बांधली, यानं कधी वळून बघितलं नव्हतं.

पाणी घोट्याला लागलं होतं. मी म्हटलं, "राहू दे आता. पाण्याखाली कुणाला दिसतंय?"

"तिला दिसलं असतं. म्हणाली असती, माझ्यावाचून एक काम धड होत नाही तुमचं."

आणि तो परत खाली शिरला. पाणी मांडीला आलं, मग कमरेला. होडी डुलायला लागली तसा मी दोर ओढून धरला. पटाशी खरखरत होती. जस्त उघडं पडून चमकलं आणि लगेच पाण्याखाली गेलं.

होडीवाला आला तेव्हा म्हातारबा निथळत उभा होता.

"हे काय? अजून आवरलं नाही?"

"आवरलं. जस्त तेवढं बघत होतो."

होडी नीट पळाली असावी, कारण पुढच्या आठवड्यात होडीवाल्यानं आपली दुसरी होडीही आणून लावली. म्हातारबानं रंगाचा डबा उघडण्याआधी धुतलेली चिंधी काढून जस्ताला बांधली.

"गाठ बघ गं जरा, सुटायची नाही ना?"

विचारून तो तसाच थांबला. मी जाळ्यात मान घातली. मग त्यानंच गाठ ओढून बघितली आणि कुंचला उचलला.